पांढरा पट्टा नेमकं काय सांगतो?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ऊतींची फेरबांधणी करणाऱ्या एन्झाइम्सवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत ‘ही एन्झाइम्स काय करतात’ यापेक्षा ‘हे तुम्हाला कळतं कसं’ असं विचारणारी पत्रं जास्त आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून या वेळी फक्त पद्धतींविषयी. तो लेख ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेशींच्या भोवती कोलॅजन आणि इतर प्रथिनांचं जाळं असतं. जखम भरताना, हाड वाढताना, गर्भ घडताना हे जाळं कापून नव्याने घालावं लागतं. कापायचं काम बऱ्याच अंशी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, म्हणजे एमएमपी, या कुटुंबाकडे असतं. माणसात या कुटुंबाचे २३ सदस्य आहेत आणि प्रत्येकाच्या गाभ्यात झिंकचा अणू असतो. त्यांना आवर घालणारी टिम्प नावाची चार प्रथिनं आहेत.

प्रश्न : बेडूकमाशाचा बेडूक होताना शेपटी नाहीशी होते, ती याच एन्झाइममुळे, असं लेखात होतं. पण हे पहिल्यांदा सिद्ध कसं केलं? शेपटी वाटून त्यातून एन्झाइम काढलं का?
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : वाटूनच बघितलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. म्हणून तर हा प्रयोग मला इतका जवळचा वाटतो. ज्या ऊतीत कोलॅजन भराभर नाहीसं होताना डोळ्यांना दिसतंय, तीच ऊती कुटून अर्क काढला की कोलॅजन कापणारं काहीच सापडत नसे. कारण आज ठाऊक आहे. बहुतेक पेशी ही एन्झाइम्स साठवून ठेवत नाहीत. गरज पडली की थोडीशी बनवतात, तीही कुलूपबंद रूपात, आणि बाहेर सोडतात. शिवाय अर्कात त्यांना रोखणारी प्रथिनंही मिसळतात.

१९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी ऊती मारायचीच नाही असं ठरवलं. बशीत कोलॅजनचं जेल तयार केलं. ते दुधी, अपारदर्शक असतं. त्यावर बेडूकमाशाच्या शेपटीच्या पडद्याचे जिवंत तुकडे ठेवले आणि बशी ऊबदार जागी ठेवून दिली. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळून पारदर्शक झालं. गोठवून मारलेल्या ऊतीने असं होत नाही. म्हणजे जिवंत पेशी काहीतरी बनवून बाहेर सोडत होत्या. मग त्या द्रवातून ते ‘काहीतरी’ वेगळं करता आलं.

पुढे कळलं की हे कोलॅजनेज तीन पदरी कोलॅजनचा रेणू एकाच ठरलेल्या जागी तोडतं. एक तुकडा तीन चतुर्थांश लांबीचा, दुसरा एक चतुर्थांश. शरीराच्या तापमानाला या तुकड्यांचा पीळ आपोआप सुटतो, त्यांचं जिलेटिन होतं आणि मग जिलेटिनेज गटातली दुसरी एन्झाइम्स त्यावर तुटून पडतात. म्हणूनच आम्हाला ते पाऊण-पाव तुकडे प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर बघायचे असतील तर प्रयोग ३७ ऐवजी २५ अंश सेल्सियसच्या आसपास करावा लागतो. थंडाव्यात पीळ टिकतो आणि तुकडे पुढे कुरतडले जात नाहीत.

एक सांगून ठेवते. प्रयोगशाळेत पेशी सुट्या करायला जे कोलॅजनेज बाटलीतून येतं ते क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूचं असतं. ते त्याच कोलॅजनला असंख्य जागी तोडतं. त्यावर केलेल्या प्रयोगावरून माणसाच्या एन्झाइमबद्दल निष्कर्ष काढलेले मी वाचते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यामागे कुणाची तरी महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जिलेटिन झायमोग्राफी करते. ९२ किलोडाल्टनला ठळक पांढरा पट्टा येतो. पुस्तकात लिहिलंय की ९२ म्हणजे एमएमपी-९ चं निष्क्रिय रूप. निष्क्रिय आहे तर त्याने जिलेटिन खाल्लं कसं? माझं जेल चुकलं आहे का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : जेल अगदी बरोबर आहे आणि प्रश्न त्याहून चांगला आहे. याचं उत्तर नीट समजलं की झायमोग्राफी समजली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी : झायमोग्राफी म्हणजे जिलेटिन घातलेल्या जेलमध्ये प्रथिनं वजनानुसार वेगळी करून, एन्झाइमने जिलेटिन कुठे खाल्लं ते बघायची पद्धत. किलोडाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक.

निष्क्रिय रूपात एन्झाइमच्या सुरुवातीला साधारण ८० अमिनो आम्लांची एक शेपटी असते. तिच्यातलं सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल गाभ्यातल्या झिंकला धरून बसतं, त्यामुळे तिथे पाणी पोहोचत नाही आणि कापणं होत नाही. याला ‘सिस्टीन स्विच’ म्हणतात. ही कल्पना १९९० मध्ये मांडली गेली. शरीरात दुसरं एखादं एन्झाइम ही शेपटी तोडतं, रेणू हलका होतो आणि कामाला लागतो. एमएमपी-२ चं निष्क्रिय रूप ७२ ला दिसतं आणि सक्रिय ६२ च्या आसपास. एमएमपी-९ चं निष्क्रिय ९२ ला, सक्रिय ८२ च्या आसपास.

आता तुमच्या जेलमध्ये काय घडतं ते बघा. अ‍ॅक्रिलामाइड ओततानाच त्यात मिलिलीटरला एक मिलिग्रॅम जिलेटिन असतं. नमुना एसडीएस या साबणासारख्या द्रव्यात मिसळता, पण उकळत नाही आणि बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉलही घालत नाही, कारण पुन्हा घडी पडण्यासाठी रेणूतले गंधकाचे डायसल्फाइड बंध शाबूत हवेत. एसडीएसमुळे रेणू उलगडतो, झिंकवरची सिस्टीनची पकड सुटते. मग तुम्ही जेल अडीच टक्के ट्रायटन या सौम्य साबणात धुता. ट्रायटन एसडीएसला ओढून घेतो, रेणूची घडी पुन्हा पडते, पण सिस्टीन जुन्या जागी पक्कं बसत नाही. शेपटी अंगाला चिकटलेलीच, म्हणून वजन ९२. स्विच मात्र उघडा. त्यानंतर कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं की ते आजूबाजूचं जिलेटिन खातं. सकाळी कुमासी ब्लू या प्रथिनांना चढणाऱ्या रंगाने रंगवलं की सगळं जेल निळं आणि खाल्लेली जागा पांढरी.

म्हणजे हे एन्झाइम तुमच्या जेलमध्ये जागं झालं. पेशींच्या भोवती ते जागं होतं, असा याचा अर्थ नाही. तुमचा ९२ चा पट्टा एवढंच सांगतो की नमुन्यात एमएमपी-९ होतं आणि ते कुलूपबंद होतं. प्रबंधात ‘एमएमपी-९ ची सक्रियता वाढली’ असं लिहू नका. ‘निष्क्रिय एमएमपी-९ वाढलं’ असं लिहा. सक्रियतेबद्दल काही म्हणायचं तर ८२ चा पट्टा शोधा, आणि तो दिसला तरी जपून बोला. कारण तोच एसडीएस टिम्पलाही एन्झाइमपासून सोडवतो. ऊतीत टिम्पने घट्ट धरून ठेवलेलं, काहीही न करणारं सक्रिय एन्झाइमसुद्धा जेलवर मोकळं होऊन पांढरा पट्टा देतं.

जेल प्रकाशपेटीवर ठेवून आणखी दोन गोष्टी तपासा. पट्ट्याचा मधला भाग काचेसारखा स्वच्छ झाला असेल तर तिथलं जिलेटिन संपलंय. त्यापुढे एन्झाइम दुप्पट असलं तरी पट्टा तेवढाच पांढरा राहणार. फक्त थोडा रुंद होईल. म्हणून नमुना एकपट, निम्मा, पाव, अष्टमांश असा शेजारशेजारच्या लेनमध्ये लावा आणि ज्या टप्प्यात पट्टा खरोखर निम्मा होतोय तिथेच मोजमाप करा. ही पद्धत इतकी संवेदनशील आहे की दहा पिकोग्रॅमच्या आसपासही एमएमपी-२ दिसतं, त्यामुळे नमुना जास्त घालण्याचाच धोका मोठा. दुसरं, रक्ताच्या किंवा जखमेतल्या द्रवाच्या नमुन्यात १३० आणि २२० च्या सुमारासही पट्टे येतात. ते एमएमपी-९ चेच. पहिला एनगॅल नावाच्या प्रथिनाशी जोडलेला, दुसरा एमएमपी-९ चे रेणू एकमेकांना जोडून झालेला.

आणि जोडीचं जेल कधीही चुकवू नका. त्याच नमुन्यांचं दुसरं जेल, फक्त रात्रीच्या बफरमध्ये ईडीटीए किंवा फेनँथ्रोलिन, म्हणजे धातू पकडणारं द्रव्य. धातू काढून घेतला की एमएमपीचे पट्टे गेले पाहिजेत. जे राहतील ते दुसऱ्या कुणाचे. बफर ट्रिसचा घ्या, फॉस्फेटचा नको. फॉस्फेट कॅल्शियमला खाली बसवतं आणि मग ‘पट्टेच आले नाहीत’ म्हणून मुलं रडवेली होतात.

तुम्ही कल्चरचं माध्यम वापरत असाल, तर शेवटचे २४ तास पेशी सीरमशिवाय (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवाशिवाय) ठेवल्या होत्या ना? गर्भवासराच्या सीरममध्ये स्वतःची एमएमपी भरपूर असतात. हे पत्रात नाही, म्हणून विचारते. पेशी न घातलेलं नुसतं माध्यम एका लेनमध्ये लावा, लगेच कळेल.

प्रश्न : आमच्या गटाने एका वनस्पतीच्या अर्कात एमएमपी रोखण्याची ताकद दाखवली आहे. अर्क बफरमध्ये घातला की पट्टे फिके होतात, जास्त घातला की नाहीसे. परीक्षकाने मात्र ‘पुरेसा पुरावा नाही’ म्हणून निबंध परत पाठवला. आणखी काय दाखवायला हवं?
(एक तरुण संशोधक)

उत्तर : परीक्षकाने तुमचं भलंच केलं आहे. वनस्पतींच्या अर्कांत टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल असतात, आणि ती प्रथिनांना चिकटतात. कातडं कमावताना हेच घडतं. टॅनिन कोलॅजनला बिलगतं आणि मग ते कुजत नाही, म्हणजेच एन्झाइम्सना ते कापता येत नाही. तुमच्या जेलमध्ये अर्काने एन्झाइमला रोखलं, की जिलेटिनच कमावून टाकलं? पट्टा दोन्ही वेळा फिका होतो.

वेगळं करायला सोपी वाट आहे. त्याच जिलेटिनवर, त्याच अर्कात, ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं दुसरं एन्झाइम वापरून बघा. ट्रिप्सिनला झिंकशी काही देणंघेणं नाही. तेही थांबलं, तर तुमचा अर्क जिलेटिनवर किंवा सरसकट सगळ्याच प्रथिनांवर काम करतोय. ट्रिप्सिन चालू राहून एमएमपी थांबलं, तरच पुढे जा.

पुढची शंका धातूची. पॉलिफेनॉल धातूंना धरून ठेवतात. बफरमध्ये कॅल्शियम वाढवलं आणि अर्काचा परिणाम ओसरला, तर अर्क ईडीटीएसारखं वागतोय असं समजा. झिंक वाढवून हे तपासायला जाऊ नका. जास्तीचं झिंक स्वतःच या एन्झाइम्सना बंद पाडतं.

मग पेप्टाइडवर या. मोजक्या अमिनो आम्लांचा एक तुकडा, एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या बाजूला ती चमक विझवणारा. एन्झाइमने मधे कापलं की दोघं लांब जातात आणि ३२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की ३९५ च्या आसपास उजेड वाढत जातो. दर मिनिटाला वाचन घेता येतं, त्यामुळे वेग मिळतो. जेलसारखा दुसऱ्या दिवशीचा एकच फोटो नाही. यात जिलेटिन नाही, म्हणजे ते कमावलं जाण्याचा प्रश्न मिटला. पण तुमचा अर्क रंगीत असणार, आणि रंगीत द्रव प्रकाश गिळतो. म्हणून आधीच कापून ठेवलेल्या पेप्टाइडमध्ये अर्क घाला. उजेड तिथेही कमी झाला तर तो अर्काच्या रंगाचा खेळ आहे. तेवढी दुरुस्ती आकड्यांत करावी लागेल, किंवा अर्क शुद्ध करून रंग घालवावा लागेल.

या पेप्टाइडला कोणतंही एमएमपी कापतं, इतर काही प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्सही कापतात. म्हणून इथे ऊतीचा अर्क नको, शुद्ध केलेलं एकच एन्झाइम घ्या. ते कुलूपबंद येतं. उघडायला एपीएमए वापरतात. त्यात पारा असतो. हातमोजे, हूड आणि पाऱ्याच्या कचऱ्याची वेगळी बाटली, यात तडजोड नको. नवख्या विद्यार्थ्याच्या हाती ते एकट्याने देऊ नका.

आणि पेशींवर अर्क घालून ‘माध्यमातलं एमएमपी कमी झालं’ असं दाखवणार असाल, तर त्या पेशी जिवंत होत्या हे आधी दाखवा. मेलेल्या पेशी काहीच बनवत नाहीत.

इतकं करून अर्क टिकला, तर तुमच्या हाती खरंच मोलाचं काहीतरी आहे. तेव्हा मला जरूर कळवा.

प्रश्न : रक्तातलं एमएमपी-९ दोन ठिकाणी तपासलं. एका अहवालातला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट. मी घाबरून गेलो आहे. खरा कोणता?
(एक वाचक)

उत्तर : घाबरू नका. दोन्ही अहवाल काढून ‘नमुना’ या शब्दासमोर काय लिहिलंय ते बघा. एकात सीरम आणि दुसऱ्यात प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) असण्याची शक्यता मोठी आहे.

मघाशी म्हटलं की बहुतेक पेशी ही एन्झाइम्स साठवत नाहीत. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याला अपवाद आहेत. त्या एमएमपी-९ तयार करून कणांमध्ये भरून ठेवतात. सीरम मिळवायचं तर रक्त नळीत गोठू द्यावं लागतं, आणि गोठताना या पेशी आपला साठा नळीतच सोडतात. तो आकडा तुमच्या शरीरातला नसून बराचसा नळीत तयार झालेला असतो. रक्त किती वेळ तसंच ठेवलं यावरही तो बदलतो. म्हणून संशोधनात आम्ही सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेल्या नळीतला प्लाझ्मा, लवकर फिरवून वेगळा केलेला, पसंत करतो. ईडीटीएच्या नळीतल्या नमुन्यावर थेट सक्रियता मोजता येत नाही, कारण ईडीटीए एन्झाइमचं कॅल्शियम-झिंकच काढून घेतं.

शिवाय रक्ताची ही तपासणी बहुधा इलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने होते. इलायझातली प्रतिपिंडं एन्झाइमला ओळखतात, त्याचं काम मोजत नाहीत. कुलूपबंद, सक्रिय, टिम्पने धरलेलं, संचाप्रमाणे हे सगळं एकाच आकड्यात जमा होऊ शकतं. जळजळ, संसर्ग, जखम, कशानेही एमएमपी-९ वाढतं. नुसत्या या आकड्यावरून कोणताही आजार ठरत नाही. दोन्ही अहवाल घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि नमुन्यातला हा फरक त्यांच्या नजरेस आणून द्या.

प्रश्न : एमएमपी गाठीमध्ये ऊतीच्या नेमक्या कोणत्या भागात काम करतंय हे बघायची सोय आहे का?
(पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी)

उत्तर : आहे. गोठवलेल्या ऊतीचा पातळ छेद घ्या आणि त्यावर फ्लोरेसिन या चमकणाऱ्या रंगाने गच्च भरलेलं जिलेटिन पसरा. इतके रेणू जवळजवळ असल्याने ते एकमेकांची चमक विझवतात. जिथे कापलं जाईल तिथे हिरवं चमकतं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेली ऊती चालत नाही, तिच्यात एन्झाइम मरतं. इथे एसडीएस नाही, त्यामुळे टिम्प आपल्या जागी राहतं आणि उत्तर खऱ्या स्थितीच्या जास्त जवळ असतं. शेजारच्या छेदावर फेनँथ्रोलिन घालून हिरवेपणा जातो का ते बघायलाच हवं. कोणतं एमएमपी हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी आणखी एका छेदावर प्रतिपिंडाने रंगवून दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. छेद घेताना पेशी फुटतात आणि आतलं बाहेर येतं, तेव्हा अगदी बारीक जागांबद्दल ठाम विधान नको.

प्रश्न : कर्करोग पसरायला ही एन्झाइम्स मदत करतात, तर ती सगळी बंद करणारं औषध का नाही?
(एक वाचक)

उत्तर : करून बघितलं. १९९०च्या दशकात मारिमास्टॅटसारखी औषधं आली. ती गाभ्यातल्या झिंकलाच पकडत, त्यामुळे परीक्षानळीत देखणे आकडे देत. रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र अपेक्षित फायदा दिसला नाही आणि अनेकांना सांधे-स्नायूंच्या वेदना झाल्या. झिंक कुटुंबातल्या सगळ्यांकडे सारखंच. ते पकडलं की सगळेच थांबतात, त्यात शरीराचं रक्षण करणारेही. उंदरांमध्ये एमएमपी-८ काढून टाकलं तेव्हा नरांमध्ये त्वचेच्या गाठी उलट वाढल्या. शिवाय उंदरांवरचे बरेच यशस्वी प्रयोग आजाराच्या सुरुवातीला औषध देऊन केलेले होते, आणि माणसांतले रुग्ण शेवटच्या टप्प्यावरचे. त्या रुग्णांनी जे सोसलं त्यामुळेच आज आम्ही ‘एमएमपी रोखतो’ एवढ्या दाव्यावर समाधान मानत नाही. कोणतं, कुठे आणि कधी हे विचारतो. एक औषध मात्र टिकलं. हिरड्यांच्या आजारासाठी २० मिलिग्रॅमची डॉक्सिसायक्लिन, जिला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. या मात्रेत ती जिवाणू मारत नाही, कोलॅजनेजला आवरते.

प्रश्न : झायमोग्राफी शाळेत करून दाखवता येईल का?
(विज्ञान शिक्षिका)

उत्तर : झायमोग्राफी नको. न गोठलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं. पण प्रथिन कापलं जाताना मुलांना दाखवायचं असेल, तर जुनी एक्स-रे फिल्म घ्या. तिच्यावरचा काळा थर म्हणजे जिलेटिनमध्ये बसवलेली चांदी. ज्या धुण्याच्या पावडरच्या वेष्टनावर प्रोटिएज लिहिलंय ती कोमट पाण्यात विरघळवा आणि फिल्मच्या तुकड्यावर एक थेंब ठेवा. शेजारी तेच द्रावण पंधरा मिनिटं उकळून गार केलेलं, आणि तिसरा थेंब साध्या पाण्याचा. फिल्म झाकून ३७ अंशांच्या आसपास ठेवा. फार गरम नको, नाहीतर जिलेटिन नुसत्या उष्णतेनेच सुटेल. अधूनमधून कापसाने हळूच पुसून बघा. पहिल्या थेंबाखालचा काळा थर निघून येईल आणि पारदर्शक गोल उरेल. हातमोजे आणि चष्मा घालायला लावा.

मुलं विचारतील की हे एमएमपी आहे का. नाही, पावडरमधलं एन्झाइम सेरीन प्रोटिएज गटातलं असतं, त्याच्या गाभ्यात झिंक नाही. म्हणूनच पाण्यातले धातू पकडणारी द्रव्यं पावडरमध्ये असूनही ते चालतं. तिथे एमएमपी असतं तर केव्हाच बंद पडलं असतं.